तिसऱ्या मिनिटाला भाषण अडकते : दोष कोठे शोधावा आणि कोठे थांबावे

कोल्हापुरात जून उजाडला की शाहू जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धांची धांदल सुरू होते, ती ओसरते न ओसरते तोच सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचे दिवस येतात, आणि मधल्या काळात तालीम मंडळांचे उत्सव, सत्कार आणि वर्धापनदिन असतातच. माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असताना मी मुलांची भाषणे बसवून घेत असे. निवृत्तीनंतर त्या मुलांच्या जागी दूध संस्थांचे अध्यक्ष, पतसंस्थांचे संचालक आणि मंडळांचे कार्यकर्ते येऊ लागले. वय, पद आणि पोशाख बदलले, पण तक्रार तीच राहिली. "सर, सुरुवात एक नंबर होती, पण मधीच ब्रेक लागतो बघा."

तक्रारीबरोबर निदानही प्रत्येक जण घरूनच करून आणतो, आणि ते म्हणजे 'स्टेज डेअरिंग नाही'. इतक्या वर्षांत हा एकच दोष पुन्हा पुन्हा दुरुस्त करताना माझे मत असे झाले आहे की डेअरिंग हा सर्वांत शेवटी तपासायचा भाग आहे. बहुतेकांचा दोष छातीत नसून कागदावर असतो, आणि कागदावरचा दोष काढायला एक संध्याकाळ पुरते. म्हणून खालचे तपास मी ज्या क्रमाने घेतो त्याच क्रमाने मांडले आहेत. सर्वांत सोपा आणि फुकटचा तपास पहिला आहे, आणि ज्याला महिने लागतात तो शेवटचा.

लक्षणे

येणाऱ्याला मी लगेच बोलायला लावत नाही. मागचे फसलेले भाषण आठवून त्यात नेमके काय घडले ते लिहून काढायला सांगतो. बहुधा पुढीलपैकी दोन-तीन गोष्टी त्या कागदावर येतात.

- पहिले मिनिट-दीड मिनिट ओघात जाते, मग एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना पुढचे वाक्य सापडत नाही आणि मागच्याच वाक्याची शेपटी दोन-तीनदा उच्चारली जाते.
- हातातला कागद थरथरू लागतो, आणि तो थरथरतो आहे हे लक्षात आल्यावर आणखी थरथरतो.
- वाक्य पुरे होण्याआधी श्वास संपतो, आवाज वर चढतो आणि शेवटचे क्रियापद गिळले जाते.
- घशाला कोरड पडते, जीभ टाळूला चिकटते.
- घरी आठ मिनिटे चाललेले भाषण व्यासपीठावर पाच मिनिटांत संपते, किंवा उलट आठाची चौदा मिनिटे होतात आणि निवेदकाची चिठ्ठी येते.
- मागच्या रांगांत कुजबुज सुरू होते, पुढच्या रांगेत मोबाइलचे उजेड दिसू लागतात.

लक्षणे लिहून झाली की मी एकच प्रश्न विचारतो : रिकाम्या खोलीत, एकट्याने, मोठ्याने बोलतानाही त्याच जागी अडकायला होते का? उत्तर 'हो' असेल, तर भीतीचा येथे काही संबंध नाही. खोलीत घाबरायला कोणी नव्हतेच. दोष तयारीत आहे आणि तो पहिल्या काही तपासांत सापडतो. उत्तर 'नाही, फक्त लोकांसमोर' असे असेल, तरीही कागद आणि माइक हे दोन तपास टाळू नयेत, कारण ते स्वस्त आहेत आणि घरच्या सरावात ते दोष दिसतच नाहीत.

हातातला कागद

हा तपास दोन मिनिटांचा आहे. पूर्ण आकाराचा पातळ कागद हातात धरला, की बोटांचा जरासा कंपही कागदाच्या टोकाला मोठा होऊन पोहोचतो. माइकजवळ त्याची सळसळ सभागृहभर ऐकू येते. तोच मजकूर पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डांवर उतरवला, तर हात कापत असला तरी कार्ड कापताना दिसत नाही. वक्त्याच्या नजरेला कंप दिसला नाही की तो वाढण्याचे एक कारण नाहीसे होते. कार्डांना टाचणी लावू नये, पण प्रत्येकावर मोठा क्रमांक मात्र घालावा. एका सभेत अहवाल वाचणाऱ्या संचालकांची पाने वाऱ्याने खाली पडली, ती उचलून देणाऱ्याने जशी मिळाली तशी दिली, आणि आभार आधी होऊन ताळेबंद मागून आला. सभासदांनी मात्र दोन्ही वेळा 'मंजूर, मंजूर' म्हटले.

मोबाइलवरून वाचणाऱ्यांना मी स्पष्टपणे नको म्हणतो. पडदा आपोआप काळा होतो, तो उजळायला अंगठा लावावा लागतो, तेवढ्यात नजर जागेवरून हलते. आणि भाषण सुरू असतानाच कोणाचा तरी फोन येतो. मोबाइलच वापरायचा असेल तर निदान विमान मोडवर टाकावा आणि पडदा बंद होण्याची वेळ वाढवून ठेवावी.

घड्याळ

मनात वाचलेले भाषण आणि तोंडाने केलेले भाषण यांचा वेग वेगळा असतो. मनातल्या वाचनात श्वास घ्यावा लागत नाही, टाळ्यांसाठी थांबावे लागत नाही आणि जीभही अडखळत नाही. म्हणून उभे राहून, पूर्ण आवाजात, घड्याळ लावून एकदा बोलावे. सभेत ऐकू येईल अशा संथ मराठीत मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द जातात, असा माझा हिशेब आहे. म्हणजे सात मिनिटांच्या स्पर्धेसाठी साडेसातशे शब्द पुष्कळ झाले. मुले बाराशे शब्दांचे भाषण घेऊन येतात आणि ते सात मिनिटांत बसवण्यासाठी धावतात. धावताना श्वास संपतो, श्वास संपला की शब्द निसटतो, आणि त्यालाच पुढे 'घाबरला' असे म्हणतात. अशा वेळी मुलाला धीर देण्यात वेळ घालवू नये, साडेचारशे शब्द खोडावेत.

मोठ्यांसाठी आणखी एक सवय सांगतो. एकाच भाषणाची दहा, पाच आणि दोन मिनिटांची अशी तीन रूपे तयार ठेवावीत. आपल्याकडे सत्कार लांबतात, पाहुणे उशिरा येतात, आणि रात्री दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो. पावणेदहाला ज्याचे नाव पुकारले जाते त्याने दहा मिनिटांचे भाषण पाचांत कोंबायचा प्रयत्न केला तर ते अडकणारच.

पहिले मिनिट

श्रोते उठून जातात किंवा मोबाइल काढतात, अशी एकच तक्रार असेल तर मी थेट येथे येतो. आपल्या सभांत व्यासपीठावर पंधरा-वीस माणसे बसलेली असतात आणि प्रत्येक वक्ता 'व्यासपीठावर उपस्थित असलेले' म्हणून ती सगळी नावे पदांसह पुन्हा घेतो. स्वागताच्या वेळी ती घेतलेली असतात, सत्काराच्या वेळी घेतलेली असतात, प्रास्ताविकात घेतलेली असतात. श्रोत्यांनी ती यादी चौथ्यांदा ऐकायची, आणि वक्त्याने आपली सर्वांत ताजी अडीच मिनिटे त्यात घालवायची! शिवाय यादी म्हणताना मन सतत एकाच धास्तीत असते की कोणाचे नाव राहिले तर? 'माजी' म्हणायचे होते की 'विद्यमान'? ही धास्ती घेऊनच माणूस मुद्द्याला हात घालतो. 'तिसऱ्या मिनिटाला अडकतो' या तक्रारीतले तिसरे मिनिट पुष्कळदा यादी संपल्यानंतरचे पहिलेच मिनिट असते. म्हणजे भाषण सुरू होतानाच अडकलेले असते.

यावर उपाय एका ओळीचा आहे. 'अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सर्व मान्यवर आणि समोर बसलेले माझे सभासद बंधू-भगिनी' एवढे म्हणून मुद्द्याला लागावे. नावे न घेतल्याने माणसे दुखावतात, असे मला नेहमी सांगितले जाते, आणि काही ठिकाणी ते खरेही आहे. तेथे निवेदकाशी आधी बोलून सर्व नावे त्याच्याकडून एकदा, नीट, क्रमाने घेतली जातील अशी व्यवस्था करावी. आणखी एक बारीक गोष्ट : सत्काराचा नारळ आणि शाल हातात घेऊन माइककडे जाऊ नये. नारळ कोठे ठेवावा हे न सुचल्याने पूर्ण भाषण तो काखेत धरून करणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. श्रोत्यांचे सारे लक्ष तो कधी पडतो याकडे होते.

यादीनंतरची दुसरी धोंड म्हणजे आकडे. दूध संस्थेच्या वार्षिक सभेत अध्यक्ष फरक बिलाचा, म्हणजे दूध दराच्या फरकापोटी सभासदांना मिळणाऱ्या रकमेचा, आकडा वाचतात, 'संस्थेने सभासदांना अठरा लाख पंचवीस हजार रुपये फरक बिल वाटले.' हा आकडा अहवालात छापलेला असतो आणि कानाने तो पकडता येत नाही. समजा संस्थेचे वर्षाचे संकलन १८,२५,००० लिटर आहे, म्हणजे दिवसाला पाच हजार लिटर. तर तोच आकडा 'लिटरमागे एक रुपया' असा सांगता येतो. त्याच्याही पुढे जाऊन 'रोज दहा लिटर दूध घालणाऱ्याला दिवाळीला ३,६५० रुपये मिळाले' असे म्हटले, की मागच्या रांगेतली कुजबुज थांबते, कारण प्रत्येक जण मनात आपल्या गोठ्याचा हिशेब करू लागतो.

माइक

हा तपास कार्यक्रमाच्या आधी पाच मिनिटांत होतो, पण तो करायला कोणी जात नाही. रिकाम्या सभागृहात साउंडवाल्याला विनंती करून दोन वाक्ये बोलून पाहावीत. साधारणपणे माइक तोंडापासून चार बोटे ते एक वीत अंतरावर असावा. फार जवळ घेतला की आवाज घुमतो आणि व्यंजने बुजतात. लांब धरला की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून माणूस नकळत ओरडू लागतो, आणि ओरडणाऱ्याचा श्वास दोन वाक्यांत संपतो. मराठीत 'भ', 'फ', 'ध', 'घ' यांसारख्या महाप्राण अक्षरांबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. 'बंधू-भगिनींनो' म्हणताच माइकमधून 'धप्प' असा आवाज येतो तो त्यामुळेच. माइक ओठांच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला किंवा हनुवटीच्या पातळीवर धरला, की झोत बाजूने निघून जातो आणि आवाज मात्र नीट जातो.

माइकने शिट्टी मारली की बहुतेक जण त्याच्या जाळीवर हाताची मूठ आवळतात, आणि शिट्टी वाढते. जाळी झाकली की माइक सर्व बाजूंचा आवाज पकडू लागतो, त्यात कर्ण्याचाही येतो आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा फिरत राहतो. अशा वेळी हात दांड्यावर न्यावा, कर्ण्यासमोरून बाजूला व्हावे, आणि बाकीचे साउंडवाल्यावर सोडावे. मंगल कार्यालयांत आवाज भिंतींवरून परत येतो, तेथे वेग कमी करावा. पत्र्याच्या शेडमध्ये जुलैचा पाऊस सुरू झाला तर थांबावे हेच बरे; कोल्हापूरच्या पावसावर आवाज चढवून कोणी जिंकल्याचे मला आठवत नाही.

सांधे

आता खरा रोग. मुले, आणि मोठीही, भाषण शब्दशः पाठ करतात. पाठांतराची साखळी शब्दाला शब्द जोडून झालेली असते. मधली एक कडी निसटली की पुढची सगळी हरवते आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटल्याशिवाय सापडत नाही. कडी निसटण्याची जागाही ठरलेली असते. एक मुद्दा संपून दुसरा सुरू होतो तो सांधा. मुद्द्याच्या पोटात वाक्ये एकमेकांना ओढत आणतात. सांध्यावर मात्र ओढणारे कोणी नसते, फक्त 'त्याचप्रमाणे' किंवा 'तसेच' असा एक पोकळ शब्द असतो.

तपास सोपा आहे. वक्त्याला शेवटच्या मुद्द्यापासून उलट बोलायला सांगावे, किंवा मध्येच टोकून तिसरा मुद्दा सांग म्हणावे. ज्याला विषय कळला आहे तो सांगतो. ज्याने घोकले आहे तो डोळे मिटून, ओठ हलवत, पहिल्या वाक्यापासून मनात धावू लागतो.

शाहू जयंतीसाठी आलेली एक मुलगी मला चांगली आठवते. तिच्या भाषणात वसतिगृहे, नोकऱ्यांतील राखीव जागा, सक्तीचे शिक्षण आणि माणगाव परिषद असे चार मुद्दे होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये ती दर वेळी थांबत असे. शिवाय २६ जून आणि २६ जुलै या तारखांची अदलाबदल होई, जी मी दर वर्षी कोणाकडून तरी ऐकतोच. तारखांचे मी तिला 'जून जन्माचा, जुलै जागांचा' एवढेच सांगितले : २६ जून १८७४ हा महाराजांचा जन्मदिवस, आणि २६ जुलै १९०२ हा करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याच्या आदेशाचा. सांध्यांसाठी मात्र आम्ही तासभर बसलो. प्रत्येक 'त्याचप्रमाणे' खोडून तेथे एक प्रश्न लिहायचा, आणि तो प्रश्न मागच्या मुद्द्यातूनच निघाला पाहिजे, असे ठरवले. १९०१ पासून वसतिगृहे निघू लागली. मग खेड्यातला मुलगा शिकला, पण त्याला नोकरी कोण देणार? या प्रश्नातून १९०२ चा आदेश आला. जागा राखल्या, पण त्या भरायला शिकलेली मुले कोठून आणायची? त्यातून १९१७ चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय आला. मुले शिकतील, नोकरीला लागतील, पण उद्या त्यांच्या समाजाचे पुढारपण कोण करणार? त्यातून मार्च १९२० ची माणगावची परिषद आली, जेथे डॉ. आंबेडकर हेच तुमचे पुढारी आहेत असे महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितले.

इतिहास असा प्रश्नोत्तरांच्या सरळ रेषेत घडत नाही, हे मला ठाऊक आहे आणि मी ते तिलाही सांगितले; ही रेषा ऐकणाऱ्याला वाट सापडावी म्हणून आहे. पण परिणाम असा झाला की तिच्या हातात चार कार्डे राहिली, प्रत्येकावर एक प्रश्न, एक सन आणि एक नाव. शाहू स्मारक भवनाच्या बाहेर, दसरा चौकातल्या रहदारीच्या आवाजात तिने ते भाषण मला दोनदा म्हणून दाखवले, आणि दोन्ही वेळा वाक्ये वेगवेगळी होती. तेव्हा मी निश्चिंत झालो. शब्द बदलूनही मुद्दा न हलणे हीच तयारी झाल्याची खूण आहे. शब्दशः पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक. आरंभी छाती धडधडत असते आणि शेवटी कोठे थांबावे ते कळत नाही, म्हणून.

तरीही व्यासपीठावर धागा सुटलाच, तर क्षमा मागू नये आणि 'काय सांगत होतो मी' असे म्हणू नये. थांबावे, कार्ड बघावे, मागचे वाक्य जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणावे आणि प्रश्न विचारावा. वक्त्याला ही तीन सेकंदे फार मोठी वाटतात; श्रोत्यांना वाटते की तो त्यांना विचार करायला वेळ देतो आहे.

भाषेचे ओझे

याला मी उशिरा हात घालतो, कारण तो थोडा नाजूक विषय आहे. ग्रामीण भागातून आलेल्या मुलाला सांगितलेले असते की व्यासपीठावर 'शुद्ध' बोलायचे. मग तो 'न' आणि 'ण' यांवर पहारा ठेवत बोलतो, आणि पहारा देणाऱ्याचे लक्ष मुद्द्यावर राहत नाही. त्यातच भाषण दुसऱ्या कोणी लिहून दिलेले असले तर 'तद्वतच', 'अनन्यसाधारण' असे शब्द त्याच्या तोंडी येतात, जे त्याने उभ्या आयुष्यात उच्चारलेले नसतात. माझा उपाय असा : मुलाने विषय आधी मला चहा पितापिता आपल्या बोलीत सांगायचा, मी तो जसाच्या तसा उतरवून घेतो, आणि मग स्पर्धेला लागेल तेवढीच प्रमाण भाषा त्यावर चढवतो. वाक्याची ठेवण त्याचीच राहते. एखादा प्रसंग सांगताना आजी जे बोलली ते तिच्याच बोलीत ठेवावे; ऐकणारे तेथेच मान वर करतात. जे वाक्य एका श्वासात म्हणून होत नाही ते, कितीही सुंदर असले तरी, दोन करावे.

श्वास आणि घसा

घाबरल्यावर शरीर धावण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागते : हृदयाचे ठोके वाढतात, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, लाळ कमी होते, स्वरयंत्राभोवतीचे स्नायू ताठ होऊन आवाज चढतो. हे प्रत्येकाला होते आणि ते पूर्णपणे थांबवता येत नाही, पण श्वास आपल्या ताब्यात थोडा तरी असतो. नाव पुकारण्याआधी तीन-चार वेळा श्वास सावकाश सोडावा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. घाबरलेल्या माणसाला 'दीर्घ श्वास घे' म्हटले की तो आधीच भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबतो. म्हणून मी 'आधी सोड' म्हणतो. घरी सरावासाठी 'स्‌ऽऽ' असा आवाज एकसारखा काढत श्वास संपवावा आणि तो दररोज थोडा लांबवावा.

पाणी ऐन वेळी प्यायल्याने तोंडाची कोरड जाते, पण ते पाणी स्वरतंतूंवरून जात नाही. घशाचा ओलावा दिवसभर प्यायलेल्या पाण्यावर अवलंबून असतो. म्हणून सकाळपासून पाणी पीत राहावे, आणि व्यासपीठावर जाण्यापूर्वीचा कडक चहा आणि सुपारी टाळावी. जेवणात तांबडा-पांढरा असेल आणि भाषण तीन वाजता असेल, तर पंगतीला भाषणानंतर बसावे. घसा खाकरून साफ करण्याची सवय वाईट आहे. त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. घोट गिळणे पुरते.

आता भीती

वरचे सगळे दुरुस्त करूनही फक्त लोकांसमोरच अडकायला होत असेल, तरच मी भीतीकडे वळतो. यावर सवयीखेरीज औषध नाही आणि ती पायरीपायरीनेच होते. प्रथम घरातली तीन माणसे, मग गल्लीतली दहा, मग मंडळाच्या बैठकीत फक्त आभाराची दोन वाक्ये, मग पाच मिनिटे. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप ओसरेपर्यंत पुन्हा पुन्हा उभे राहावे लागते. भाषण टाळले की त्या दिवशी बरे वाटते आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट होऊन येते. एकदम मोठ्या सभेत ढकलून 'पोहायला शिकवण्याची' पद्धत मी वापरत नाही. तशा दोन मुलांनी नंतर कधीच माइक धरला नाही. सरावाला महिने लागतात, म्हणून स्पर्धा आठवड्यावर आली असताना हा उपाय सुरू करण्यात अर्थ नाही. त्या आठवड्यात कार्डे आणि घड्याळ यांवरच काम करावे.

येथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

माइकला हात किंवा ओठ लागताच मुंग्या किंवा चटका जाणवला, तर तो हळूच खाली ठेवून बोलणे तत्काळ बंद करावे. अर्थिंगमध्ये दोष असल्याची ती खूण असते. आपल्याकडे दीपप्रज्वलनासाठी चपला काढलेल्या असतात, पावसाने व्यासपीठ ओले असते, आणि अनवाणी पायाने ओल्या जमिनीवर तो धोका जिवावर बेततो. रुमाल गुंडाळून बोलत राहणे हा उपाय नव्हे. साउंडवाल्याने किंवा वायरमनने मुख्य जोडणी बंद करून तपासेपर्यंत कोणीही माइक धरू नये.

आवाज बसला असेल तर आल्याचा रस आणि गुळण्या यांवर तीन आठवड्यांहून अधिक दिवस काढू नयेत. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तंबाखू-सिगारेटचे व्यसन असेल, गिळताना दुखत असेल किंवा थुंकीत रक्त दिसले तर तीन आठवडेही थांबू नये. बसलेल्या आवाजावर जोर देऊन भाषण करणारे कार्यकर्ते निवडणुकीच्या दिवसांत पुष्कळ दिसतात. त्यांतल्या काहींच्या स्वरतंतूंवर पुढे गाठी येतात, आणि त्यावर माझ्याकडे काहीही नाही.

छातीचे ठोके कमी करणारी गोळी मित्राने दिली म्हणून घेऊ नये. दमेकऱ्याला त्या प्रकारच्या गोळीने गंभीर त्रास होऊ शकतो. ती डॉक्टरांनीच द्यायची गोष्ट आहे. सभेच्या विचारानेच आठवडाभर झोप उडत असेल, वर्गात हजेरी देणे किंवा बँकेत चौकशी करणेही टाळले जात असेल, किंवा श्वास कोंडून आता जीव जातो असे झटके येत असतील, तर हा वक्तृत्वाचा प्रश्न राहिलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे; जाणे लगेच शक्य नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. छातीत दुखू लागले आणि ते हातात किंवा जबड्यात गेले, तर मात्र भीती समजून बसू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

शेवटचा प्रकार तोतरेपणाचा, आणि येथे शिक्षकच सर्वांत जास्त चुकतात. मीही चुकलो आहे. एका मुलाला मी दोन महिने 'सावकाश बोल, घाबरू नकोस' असे सांगत राहिलो. तो प्रार्थनेच्या वेळी सर्वांबरोबर एकही अक्षर न अडखळता म्हणायचा, गाणेही स्वच्छ गायचा, आणि एकट्याने उभा राहिला की पहिल्याच अक्षरावर जबडा घट्ट होऊन डोळे मिटायचे. समूहात आणि गाण्यात मोकळी होणारी आणि एकट्याने बोलताना अडणारी वाचा हे तोतरेपणात नेहमी आढळते, हे मला पुढे वाचा-उपचारतज्ज्ञांकडून कळले. त्यांनी विचारलेले प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक पालकाला कागदावर लिहून नेण्यास सांगतो : अडखळणे कोणत्या वयात सुरू झाले, कोणत्या अक्षरांवर जास्त होते, कोणाशी बोलताना होत नाही, घरात आणखी कोणाला आहे का, आणि मूल कोणते शब्द टाळण्यासाठी दुसरे शब्द वापरते. त्या मुलाचे नाव 'क'ने सुरू होत होते, आणि तो नाव विचारल्यावर आडनाव सांगायचा.